जमिनीत लोह, झाडाला उपास

जमीन आरोग्य पत्रिका आता खेडोपाडी पोहोचली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे या योजनेचा आरंभ झाला आणि पुढे जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी हाही कागद जपून ठेवला जाऊ लागला. केंद्र सरकारने शाळांसाठीही मातीपरीक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, आधी २० केंद्रीय व नवोदय विद्यालयांत आणि नंतर बऱ्याच मोठ्या संख्येने. म्हणजे हा कागद वर्गातही येणार, किंबहुना आलाच आहे. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करावे तसे या पत्रिकेचे परीक्षण करावे असे आम्हांला वाटते. ती वाचून विद्यार्थी माती आणि झाड यांच्या नात्याबद्दल काय शिकेल, हा आमचा प्रश्न आहे. आणि फळझाडांपुरते बोलायचे तर तो बरेचसे चुकीचे शिकेल, असे आमचे मत झाले आहे.

आधी तिचे श्रेय तिला द्यावयास हवे. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही सूक्ष्मद्रव्ये, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. सामू हा शब्द रसायनशास्त्राच्या तासापलीकडे सहसा ऐकू येत नसे, तो या कागदामुळे शेतकऱ्याच्या ओसरीवर आला. ही लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार पत्रिकेवर काय आहे याबद्दल फारशी नाही. छापलेल्या आकड्यांचा अर्थ तिच्यावर कुठेच सांगितलेला नाही, ही तक्रार आहे.

उदाहरण लिंबाचे घेऊ. खान्देशात केळीबरोबर लिंबू-मोसंबीच्या बागाही आहेत, आणि त्यांतल्या काही बागांत एक दृश्य हटकून दिसते: नवी पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या, जणू पानावर हिरव्या रेघांची जाळी काढली आहे. शेतकरी त्याला केवडा म्हणतो. हे लोहाच्या उपासमारीचे लक्षण आहे. आता गंमत पाहा. ही बाग ज्या जमिनीत उभी आहे ती बेसाल्ट खडकाची माती. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत एका किलोला ५० ते १०० ग्रॅमपर्यंत लोह सापडू शकते. एका झाडाला वर्षाकाठी लागणारे लोह काही ग्रॅमच्या घरातले. लोहाच्या कोठारात पाय रोवून झाड लोहावाचून पिवळे पडते! भूगोलाच्या तासाला आपण ‘तांबड्या मातीत लोह असते’ असे शिकवतो, आणि मुले त्यावरून काळ्या मातीत ते नसते असा समज करून घेतात. तांबडा रंग हा लोहाच्या ऑक्साइडांच्या रूपाचा प्रताप आहे, त्यावरून लोहाचे माप काढता येत नाही.

हे असे का होते? उत्तर सामूत आणि चुनखडीत आहे. खान्देशच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. विहीर खणताना पांढरट चुनखडीचे खडे निघतात ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मातीत विरघळलेल्या त्रिभारित लोह-आयनांचे प्रमाण सामू एका अंकाने चढला की हजारपट घटते. सामू ६ च्या जमिनीवरून ८ च्या जमिनीवर आलो तर घट दहा लाख पट. जस्त आणि तांबे यांच्या द्विभारित आयनांसाठी हाच हिशेब एका अंकाला शंभरपट असा आहे. शिवाय चुनखडी पाण्यात थोडी विरघळून बायकार्बोनेट तयार होते. ते मुळाभोवतीचा सामू खाली येऊ देत नाही आणि पानापर्यंत पोहोचलेले लोहही नीट वापरू देत नाही. हे शेवटचे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पिवळ्या पानांचे पृथक्करण केले तर त्यांत हिरव्या पानांइतके, कधी त्याहूनही अधिक लोह निघते. १९८० साली कट्याल व शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी पानातले एकूण लोह न मोजता त्यातले ‘क्रियाशील’ लोह मोजण्याची रीत सुचविली ती याच कोड्यामुळे.

आता पत्रिकेकडे परत येऊ. तिच्यावर लोहापुढे एक आकडा असतो, समजा ६ पीपीएम, आणि शेजारी ‘पुरेसे’ असा शेरा, कारण मर्यादा साधारण ४.५ ची धरतात. हा आकडा मातीतल्या एकूण लोहाचा नाही. डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात मातीतून जेवढे उतरले तेवढेच हे लोह. हे रसायन धातूचा अणू चिमट्यात पकडावा तसा पकडते. लिंडसे व नॉर्व्हेल यांनी १९७८ साली ही रीत प्रसिद्ध केली: १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणे, द्रावणाचा सामू ७.३ वर स्थिर केलेला. चुनखडीच्या जमिनींसाठीच ती बेतलेली असल्यामुळे आपल्याकडे तिची निवड योग्यच आहे. पण ही निवड पत्रिकेवर कुठेही समजावून दिलेली नाही. विद्यार्थी ‘लोह ६ पीपीएम’ वाचतो आणि जमिनीत एवढेच लोह आहे असे समजतो. कोठारातल्या धान्याऐवजी ताटात वाढलेले धान्य मोजले आहे हे त्याला कोण सांगणार?

त्यातून ताट नेमके कुणाचे, हाही प्रश्न उरतो. गहू आणि सातू यांसारखी तृणकुळातली पिके मुळांतून एक खास द्रव सोडतात. तो मातीतल्या लोहाला धरून मुळाकडे आणतो. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ साली ही गोष्ट दाखवून दिली. लिंबू, डाळिंब, बोर, आंबा यांच्याकडे ही युक्ती नाही. त्यांची मुळे आम्ल सोडून लोह विरघळवतात आणि मग त्याचे रूप बदलून आत घेतात. भरपूर चुनखडी असलेल्या जमिनीत सोडलेले आम्ल जागच्या जागी खलास होते. त्यामुळे बांधाच्या या बाजूला गहू हिरवागार आणि त्या बाजूला लिंबू पिवळे असे घडू शकते, आणि दोन्हींच्या पत्रिकेवर आकडा मात्र सारखाच. लिंबूवर्गात तर खुंटावरही पुष्कळ अवलंबून असते. रंगपूर लिंबाचा खुंट चुनखडी बरीच सोसतो, त्रिपर्णी संत्र्याचा अजिबात सोसत नाही. (केळ हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने झाडच नव्हे, ती एक अवाढव्य औषधी वनस्पती आहे. पण जळगावात बसून फळझाडांवर लिहावे आणि केळीला बाहेर ठेवावे, हे आमच्याने होणार नाही. गवतांची ती युक्ती केळीलाही येत नाही, एवढे येथे पुरे.)

पत्रिकेतली सर्वांत मोठी उणीव आम्हांला येथेच दिसते. बारा रकान्यांत चुनखडीचा रकाना नाही. सामू ८.२ असलेल्या दोन जमिनी घ्या. एकीत मुक्त चुना अर्धा टक्का, दुसरीत दहा टक्के. कागदावर त्या जुळ्या बहिणी दिसतील, बागेत त्या सवतीसारख्या वागतील. हिशेब मांडून पाहू, वर्गातही मांडता येईल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो धरतात. तिच्यात एक टक्का चुना असला तर तो झाला २२ हजार किलो. हा चुना गंधक टाकून संपवायचा म्हटले तर १०० किलो चुन्याला ३२ किलो गंधक या हिशेबाने सात हजार किलो गंधक लागेल. पाच टक्के चुना असला तर ३५ टन. शेतकरी एकरी पाचपन्नास किलो गंधक टाकून सामू खाली येण्याची वाट पाहतो, आणि हिराकस मातीत ओततो तोही चुन्याशी गाठ पडून काही दिवसांत गंजासारखा निरुपयोगी होतो. शेणखतात मुरवून आळ्यात दिला किंवा पानांवर फवारला तर त्याचा उपयोग होतो. चुन्याचा एक रकाना असता तर हा पैसा वाचला असता. तो रकाना भरायला महागडे यंत्रही लागत नाही. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि ते फसफसले की चुना आहे, किती जोराने फसफसले यावरून अंदाजही येतो. ज्या शाळेत आम्ल नाही तेथे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालते, फक्त कान जवळ न्यावा लागतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण अलीकडे ‘जड धातू’ हा शब्द भीती घालण्यासाठी फार वापरला जातो. मातीत शिसे सापडले, कॅडमियम सापडले, आता फळे विषारी, अशा थाटाचे लेखन आपण सर्वच वाचतो. ज्या रसायनामुळे लिंबाला लोह मिळत नाही तेच रसायन शिसे आणि कॅडमियम यांनाही मातीत बरेचसे बांधून ठेवते. काळ्या मातीची चिकणमाती धन आयनांना धरून ठेवण्यात तरबेज आहे आणि वर चुना आहेच. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत तेवढेच कॅडमियम पडले तर ते झाडाला कितीतरी सहज मिळेल. शिवाय मुळात शिरलेला धातू फळात पोहोचेलच असे नाही. शिसे बहुतेक मुळांतच अडते. जे वर चढते ते पाण्याबरोबर पानांत जाते आणि फळाला मिळणारा रस पानांतून अन्नवाहिन्यांनी येत असल्यामुळे त्या वाटेने शिसे जवळजवळ प्रवासच करीत नाही. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांपेक्षा फळांत हे धातू सामान्यतः कमी आढळतात ते यामुळे. रस्त्याकडेच्या फळाच्या सालीवर शिसे सापडले तर ते मुळातून आले की धुळीतून, हे आधी विचारावे. फळ धुऊन पुन्हा तपासले की निम्मे उत्तर मिळते. शिसेयुक्त पेट्रोल भारतभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. पण त्याआधी धुळे-जळगाव महामार्गासारख्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत बसलेले शिसे पेट्रोलबरोबर नाहीसे होत नाही, ते दशकानुदशके तेथेच राहते.

म्हणून ‘मातीत अमुक मिलिग्रॅम’ या एकट्या आकड्यावरून घाबरणेही चूक. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते, कोणी फवारणी केलेली नसतानाही. ब्रिटनमध्ये सांडपाण्याचा गाळ टाकलेल्या शेतजमिनींसाठी १९८९ साली नियम झाले. त्यांत तांब्याची मर्यादा जमिनीच्या सामूप्रमाणे बदलते: सामू ५ ते ५.५ असेल तर किलोला ८० मिलिग्रॅम, ७ च्या वर असेल तर २००. म्हणजे एकच माती एका सामूला नियमाबाहेर आणि दुसऱ्या सामूला नियमात. कायद्याच्या भाषेतसुद्धा मातीचा स्वभाव ओळखता येतो, याचे हे बरे उदाहरण आहे.

पण येथे थांबून ‘काळी माती सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही आमचे जमणार नाही. तीन गोष्टी आड येतात. पहिली तांब्याची. लिंबावरील खैऱ्या, डाळिंबावरील तेल्या यांच्यासाठी बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड वर्षानुवर्षे फवारले जाते. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातील द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास पुढे आले आणि तेथील जुन्या मळ्यांची माती आज तांब्याने भरलेली आहे. तांबे खाली झिरपत नाही, वरच्या थरात सेंद्रिय पदार्थाला धरून साचते. मोठ्या झाडाची मुळे खाली असल्याने त्याला ते जाणवत नाही. बाग काढून नवी रोपे लावली की जाणवू लागते. पत्रिकेत तांब्याला फक्त खालची मर्यादा आहे, ०.२ पीपीएम. त्याच्या वर काहीही असले तरी शेरा ‘पुरेसे’. दोनही आणि वीसही. मुलाचे वजन करून ‘वीस किलोपेक्षा जास्त, सबब निरोगी’ असे लिहावे, त्यातला हा प्रकार.

दुसरी गोष्ट क्षारांची. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ते कॅडमियमशी जोडी करून त्याला मातीच्या पकडीतून सोडवते, मग सामू चढा असूनही पीक कॅडमियम अधिक घेते. ऑस्ट्रेलियातल्या बटाट्यांवर १९९० च्या दशकात हे स्पष्ट दिसले. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-बुलढाण्याकडे आहे, आणि ही पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. कॅडमियम येते मुख्यतः स्फुरदाच्या खतांतून, खनिज फॉस्फेटबरोबर. त्यातून मातीत जस्त कमी असेल तर त्याचाच रासायनिक भाऊ असलेले कॅडमियम त्याच दाराने आत शिरते. क्षारता आणि जस्त हे दोन्ही रकाने पत्रिकेवर आहेत, पण ते एकत्र कसे वाचावे हे सांगणारी ओळ नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी शिकवली जाते. धन आयनांना लागू असलेला नियम सर्वांना लागू नाही. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि सहाभारित क्रोमियम हे ऑक्सिजनशी जोडलेल्या ऋण आयनांच्या रूपात मातीत वावरतात. सामू चढला की ते घट्ट होण्याऐवजी सुटे होतात. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, आणि दगडी कोळशाची राख शेतीत वापरावी असा प्रचार देशात १९९४ च्या फ्लाय अॅश मिशनपासून होत आला आहे. राखेत हे धातू थोड्याफार प्रमाणात असतात. भारी जमिनीचा पोत सुधारायला राखेचा उपयोग होतो हेही खरे, आणि तिचे बरेवाईट आम्ही येथे ठरवीत नाही. एवढेच म्हणतो की ‘आमची माती चुनखडीची, तिच्यात सारे बांधले जाते’ हा युक्तिवाद शिशाबद्दल बराच खरा आणि आर्सेनिकबद्दल उलटा आहे. दोन्ही वाक्ये एकाच फळ्यावर लिहिली जायला हवीत.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडे बोललेच पाहिजे. या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांच्या आणि जिरायती भागात दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याचे ठरले, आणि तोही वरच्या १५ ते २० सेंटिमीटरांतून. ज्वारी-कापसासाठी हे चालून जाईल. पण रावेर-यावलकडील तापीकाठचा खोल गाळ, त्याच्या वरच्या अंगाची मध्यम काळी, साक्रीकडची उतारावरची मुरमाड, आणि मध्येच एखादा चोपणाचा तुकडा, हे सारे कधी कधी एकाच शिवाराच्या अंतरात बदलते. आणि लिंबाचे किंवा आंब्याचे मूळ पंधरा सेंटिमीटरांवर थांबत नाही. चुनखडीचा थर बहुधा खाली असतो. वरचा नमुना निर्दोष आणि झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी पिवळे, याचे कारण पुष्कळदा हेच असते. बाग लावण्यापूर्वी मीटरभर खड्डा खणून थराथराने माती पाहावी ही जुनी शिफारस आहे, ती या कागदाने पुसट केली.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. चिमूटभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवावा. त्यातले थोडे कोऱ्या चहात किंवा हिरड्याच्या काढ्यात टाकले की तो काळा पडतो, लोहाची ही जुनी शाईवाल्यांची खूण. उरलेल्या द्रावणात दोन-तीन मुठी चुनखडीची माती घालून खूप हलवावे, रात्रभर ठेवून गाळावे आणि गाळलेले पाणी पुन्हा चहात टाकावे. काळेपणा किती उरला ते मुलांनीच पाहावे. नदीकाठची वाळूसर माती घेऊनही हेच करावे आणि दोन्ही पेले शेजारी ठेवावेत. दुसरा प्रयोग झाडावर: पिवळ्या पडलेल्या लिंबाच्या फांदीवरील काही पानांच्या अर्ध्या भागावर अर्धा टक्का हिराकसाचे ताजे द्रावण कापसाच्या बोळ्याने लावावे आणि आठ-दहा दिवस रोज पाहावे. पानाचा तेवढाच भाग हिरवा झाला तर रोग लोहाचा. मग वर्गात पत्रिका उघडावी, लोहापुढचा ‘पुरेसे’ हा शेरा मोठ्याने वाचावा, आणि कागदाच्या समासात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मातीचा नमुना किती खोलीचा, आम्लाने किती फसफसली, आणि गेल्या पाच वर्षांत बागेवर तांब्याच्या किती फवारण्या झाल्या.